कापसाच्या वावरातली माती कशी पारखावी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस लय होतो. माती काळी दिसली की लोक म्हणतात, चांगली आहे. पण नुसत्या रंगावरून कळत नाही. गुरुजींनी वर्गात प्रयोग करून दाखवला.

दोन ढेकळे घेतली. एक पऱ्हाटीच्या तासातले, दुसरे धुऱ्यावरच्या गवताखालचे. धुऱ्यावर नांगर चालत नाही. दोन्ही सावलीत वाळवून पाण्याच्या पेल्यात हळूच सोडली. वावरातले ढेकूळ बघता बघता विरघळले. धुऱ्यावरचे तसेच राहिले! गवताची मुळे, कुजलेला पाला आणि बारीक जीवजंतू मातीचे कण चिकटवून ठेवतात. वावरातल्या पऱ्हाट्या तर आपण उपटून जाळतो. मग मातीने खावे काय? पेल्यात विरघळते तीच माती पावसात नाल्याला वाहून जाते. उरलेलीवर पापडी धरते, पाणी मुरत नाही, सरकीचा कोंब वर येत नाही.

पावसाळ्यात वीतभर खड्डा खणून गांडुळेही मोजावी. उन्हाळ्यात ती खोल जातात.

सरकारची मृदा आरोग्य पत्रिका २०१५ साली सुरू झाली. तिच्यात सेंद्रिय कर्ब लिहिलेला असतो. तो कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येतो. आमचे बाबा मात्र फक्त खताचा आकडा वाचतात.

पेले खिडकीत ठेवले आहेत. पालकांनी आपापल्या वावरातले वाळके ढेकूळ आणावे.