शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा भाव

मुलांस अभंग शिकविताना आपण शब्दांचे अर्थ सांगतो आणि मोकळे होतो. मुले ते वहीत उतरवून घेतात, विचारले तर बिनचूक सांगतात, आणि तरीही अभंग गळ्यातच राहतो, खाली हृदयात उतरत नाही. असे का होते, हे आम्हांस मढ येथे कोळ्यांच्या एका पोरीने शिकविले.

मढ म्हणजे मालाडच्या पश्चिमेस समुद्रात शिरलेले मासेमारांचे गाव. वेसाव्याहून नावेने खाडी ओलांडली की आलेच. तेथे आठ-दहा मुलांस आम्ही विरहाचे अभंग सांगत होतो. पाण्यावेगळी मासोळी तळमळते तसा भक्ताचा जीव देवावाचून तळमळतो, हा तुकोबारायांचा दृष्टान्त आला. आम्ही ‘तळमळणे’ याचा अर्थ सांगितला आणि विचारले, मासोळी तशी तळमळताना पाहून तुम्हांला काय वाटते? एक मुलगी चटकन म्हणाली, “बुवा, ताजी हाय असं वाटतं. गिऱ्हाईक लगेच घेतं.”

मुले हसली. आम्हांस राग आला, आणि आम्ही तिला खाली बसविले. मग शेवटपर्यंत तिने मान वर केली नाही.

परतताना नावेत बसल्यावर आमचे आम्हांसच खटकू लागले. काव्यप्रकाश आम्ही गुरूंपाशी बसून शिकलो. मम्मटाचार्यांनी अर्थाचे तीन प्रकार सांगितले: वाच्य, लक्ष्य आणि व्यंग्य. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, हे शास्त्रातले नेहमीचे उदाहरण. प्रवाहावर वस्ती कशी असेल? म्हणून ‘गंगेवर’ म्हणजे तीरावर, हा लक्ष्यार्थ; आणि तेथला गारवा व पावित्र्य मनात येते तो व्यंग्यार्थ. मढची माणसे ‘आमचं घर दर्यावर आहे’ म्हणतात, तेव्हा लाटांवर घर कोणी शोधीत नाही. पण खारा वारा आणि रात्रभर चालणारी गाज त्या एका शब्दात येते की नाही?

आता व्यंग्यार्थ ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो, हेही शास्त्रातच आहे. ‘सूर्य मावळला’ एवढे वाक्य घ्या. गुराख्याला त्यातून गाई घरी नेण्याची वेळ कळते, ब्राह्मणाला संध्येची, मजुराला काम थांबविण्याची. ज्या बाईचा धनी अजून पाण्यावर आहे, तिला काय कळत असेल? ध्वनीचा हा विचार काश्मीरात आनंदवर्धनाचार्यांनी 9व्या शतकात मांडला. आम्ही तो पाठ केला, आणि मढच्या ओटीवर विसरलो! मुलीने वाच्यार्थ बरोबर घेतला होता. भावही तिने तिच्या घरातलाच काढला होता. चूक आमची होती. आमच्या मनातला भाव तिच्या मनात आयता असेल, असे आम्ही धरून चाललो.

(माळकऱ्याने मासळीच्या पाटीची चर्चा करावी काय, असे कोणी म्हणेल. ज्यांस अभंग शिकवावयाचा त्यांच्या घरातूनच शब्द उचलावा लागतो. दुसरा उपाय आम्हांस ठाऊक नाही.)

पुढच्या खेपेस आम्ही तिला जवळ बोलाविले, ‘तुझं खरं होतं’ असे सर्वांसमक्ष सांगितले, आणि प्रश्न फिरविला. तुझ्या घरी कोणाचा जीव असा होतो का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा दर्यावर असला आनि वारा सुटला की आई जेवत नाय. नुसती दारात उभी ऱ्हाते.”

कोणी हसले नाही. आम्ही वीणा उचलली आणि तोच अभंग धरला. त्या दिवशी ‘तळमळणे’ याचा अर्थ पुन्हा सांगावा लागला नाही.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. भवसागर तरून पैलतीर गाठावा, हे आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. आमच्या संतांचे पाय इंद्रायणी, भीमा, गोदावरी या नद्यांच्या काठचे. नदीला पैलतीर असतो. मढच्या मुलांस हे सांगितले तेव्हा एक पोरगा म्हणाला, “पलीकडं कशाला जायाचं, बुवा? दर्यावरनं परत घरला यायाचं असतं.” त्याला काय उत्तर द्यावे, याचा विचार आम्ही अजून करीत आहोत.