धूर म्हणजे नुकसान : कोल्हापुरातील हवाशुद्धीचा स्वेच्छेचा मार्ग

ऊस, गूळ आणि ओतकाम या तीन व्यवसायांनी कोल्हापूर जिल्ह्याला नाव आणि रोजगार दिला. या तिन्हींच्या मागे कोठे ना कोठे जाळ आहे. तोडणी झाल्यावर शेतात पाचट पेटते, गुऱ्हाळघरात काहिलीखाली चुलवण धडधडते आणि फाउंड्रीत भट्टीच्या पोटात लोखंड वितळते. त्यात वाहनांचा धूर, रस्त्यांवरची धूळ आणि उघड्यावर जाळल्या जाणाऱ्या कचऱ्याची भर पडते. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचून राहते. तेव्हा सायंकाळचा धूर वर न जाता वस्तीवरच तरंगत राहतो, हा अनुभव शहराला आणि पंचगंगाकाठच्या गावांनाही आहे.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची विहित मानके सलग पाच वर्षे गाठू न शकलेली शहरे त्यासाठी निवडण्यात आली आणि महाराष्ट्रातील अशा शहरांत कोल्हापूरचा समावेश झाला. शहरातील हवेच्या मोजणीसाठी महाद्वार रोड, रुईकर ट्रस्ट आणि शिवाजी विद्यापीठ परिसर अशी केंद्रे ठरविण्यात आली. गर्दीची बाजारपेठ, निवासी वस्ती आणि मोकळा परिसर अशा तीन वेगळ्या परिस्थितींचे दर्शन त्यांतून घडते.

काय मोजावयाचे?

हवेतील धूलिकणांचे दोन गट प्रामुख्याने मोजले जातात. पहिला गट १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांचा, तर दुसरा २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांचा. माणसाचा केस साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. मोठे कण नाकात व घशात अडकतात, परंतु अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार पहिल्या गटाची वार्षिक सरासरी एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, तर दुसऱ्या गटाची ४० मायक्रोग्रॅम यापेक्षा अधिक असता कामा नये. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना या कणांचा त्रास सर्वांत आधी होतो. धूर करणारा एक आणि तो सोसणारा दुसरा, असा हा प्रकार असतो.

पाचटाचा हिशेब

धूर करणाऱ्याचेही त्यात नुकसान होत असते, हे पाचटाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. एक हेक्टर उसातून साधारणपणे ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात अर्धा टक्क्याच्या आसपास नत्र असते. म्हणजे १० टन पाचटात सुमारे ४० ते ५० किलो नत्र झाले. ४५ किलो युरियाच्या एका गोणीत नत्र येते ते जेमतेम २१ किलो. तेव्हा एका हेक्टरातील पाचटाला काडी लावणारा शेतकरी युरियाच्या दोन गोण्यांइतके नत्र जवळजवळ सगळेच हवेत सोडतो. त्याबरोबर जमिनीला हवा असलेला सेंद्रिय कर्बही जातो आणि वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू होरपळतात.

तरीही शेतकरी पाचट जाळतो. त्याला अडाणी ठरवून प्रश्न सुटणार नाही. पाचटामुळे सरीतून पाणी नीट पुढे सरकत नाही, उंदीर व सापांचे भय वाटते, मजुरी परवडत नाही आणि खोडव्याची मशागत लांबते, या त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. शेजारच्या शेतातील आग बांध ओलांडून आली तर राखलेले पाचटही जळून जाते, ही धास्ती तर असतेच.

या अडचणींवर उपाय आहेत. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि पाचट सरीत पसरावे अथवा यंत्राने त्याची कुट्टी करावी. प्रत्येक टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. जमीन झाकलेली राहिल्याने ओल टिकते, पाण्याच्या पाळ्यांत बचत होते आणि तणही कमी उगवते. एकट्या शेतकऱ्याला हे अवघड जाते. एका शिवारातील सर्वांनी मिळून ठरविले तर कुट्टीयंत्र भाड्याने आणणे परवडते आणि शेजारच्या आगीची धास्तीही राहत नाही.

गुऱ्हाळ आणि फाउंड्री

गुऱ्हाळाच्या धुराड्यातून निघणारा काळा धूर म्हणजे न जळलेले इंधन होय. चिपाड ओले असले की त्याची बरीचशी उष्णता त्यातील पाणी उडविण्यातच खर्च होते. चुलवणात हवा पुरेशी खेळली नाही तरी तसेच होते. उन्हात चांगले वाळलेले चिपाड, थोडा थोडा घातलेला जाळ, हवेसाठी मोकळी वाट आणि पुरेशा उंचीचे धुराडे एवढ्या गोष्टी सांभाळल्या तरी त्याच चिपाडात अधिक रस आटतो. इंधन कमी पडले म्हणून जुने टायर किंवा प्लॅस्टिक जाळणे मात्र सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे. त्यातून विषारी वायू निघतात आणि त्यांची पहिली झळ जाळ घालणाऱ्या कामगारालाच लागते. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसविली, तेव्हापासून कोल्हापुरी गुळाच्या व्यापाराला बळ मिळत गेले. २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकनही लाभले. हा लौकिक टायरच्या धुरात काळवंडू देणे कोणत्याही गुऱ्हाळमालकाला परवडणारे नाही.

फाउंड्रीचे गणित याहून वेगळे नाही. कोक जाळणाऱ्या क्युपोला भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, तो अर्धवट जळलेला कोकच असतो. भट्टीला दोन वेगळ्या उंचींवर हवा देण्याच्या पद्धतीत हाच वायू आत जळतो आणि कोक वाचतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरातील अनेक उद्योजकांनी कालांतराने विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या स्वीकारल्या. कोळशापासून होणारी वीज दुसरीकडे धूर करते, हे खरे असले तरी वस्तीलगतचा धूर त्यामुळे कमी होतो. साच्यांतील टाकाऊ वाळूचा प्रश्न उरतोच. ती रस्त्याकडेला टाकली की वाऱ्याबरोबर उडते. कारखान्यातील सिलिकायुक्त धूळ तर कामगाराच्या फुप्फुसाला कायमची इजा करू शकते. वाळू शुद्ध करून पुन्हा वापरणे हा त्यावरील उपाय होय. लहान कारखान्याला एकट्याने असे संयंत्र उभारणे जड जाते, परंतु समूहाने सामाईक सोय केल्यास खर्च वाटला जातो.

शेणीदानाचा धडा

जेथे पैशाचा लाभ दिसत नाही, तेथे लोक स्वेच्छेने बदलतात काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर कोल्हापूरच्या होळीने दिले आहे. कोल्हापूर महानगरपालिका मृतांवर विनामूल्य अंत्यसंस्कार करते आणि त्यासाठी शेणी मोठ्या प्रमाणात लागतात. होळी लहान करून उरलेल्या शेणी पंचगंगा स्मशानभूमीला दान देण्याची प्रथा शहरातील अनेक मंडळांनी व नागरिकांनी सुरू केली. सण मोडला नाही, होळी पेटावयाची ती पेटली. परंतु दोनदा होणारे ज्वलन एकदाच झाले आणि शेणीला सत्कार्याचे मोल आले. लोकांना एखादी गोष्ट नुसती सोडावयास सांगण्यापेक्षा तिला योग्य जागा दाखविली तर ते आनंदाने साथ देतात, हा या उपक्रमाचा धडा आहे.

स्वेच्छा आणि कायदा

स्वेच्छा हा कायद्याला पर्याय ठरू शकत नाही. हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९८१ पासून अस्तित्वात आहे आणि परवान्याच्या अटी पाळणे उद्योगांवर बंधनकारक आहे. तथापि प्रत्येक बांधावर आणि प्रत्येक चुलवणापाशी निरीक्षक उभा करता येत नाही. शिवाय खर्च करून धूर आवरणाऱ्या कारखानदाराशेजारी दुसरा बिनदिक्कत धूर ओकत राहिला, तर पहिल्याची उमेद टिकत नाही. म्हणून प्रामाणिकपणे वागणाऱ्याला कायद्याचे संरक्षण हवे, आणि जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे लोकांचा निर्धार हवा.

करावयाची कामे

२ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात पंचतत्त्वांपैकी वायू हा एक घटक ठेवण्यात आला. त्या दृष्टीने पुढील कामे गावपातळीवर हाती घेता येतील.

१. गळीत हंगामापूर्वी ग्रामसभेत पाचट न जाळण्याचा ठराव करावा आणि शिवारनिहाय कुट्टीयंत्राची वेळ ठरवून द्यावी.

२. ग्रामपंचायतीने कचरा गोळा करण्याची सोय आधी नियमित करावी. ज्या गावात घंटागाडी येत नाही, तेथे कचरा जाळू नका हा उपदेश व्यर्थ ठरतो.

३. कृषी अधिकाऱ्यांनी एकाच शेतात अर्धे पाचट राखून आणि अर्धे काढून प्रात्यक्षिक घ्यावे. शेजारच्या पिकाकडे पाहून होणारी खात्री भाषणाने होत नाही.

४. उद्योजक संघटनांनी सभासदांच्या इंधनखर्चाची तुलना करावी. ज्याचा कोक सर्वाधिक जळतो, त्याचा धूरही बहुधा सर्वाधिक असतो.

५. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या खिडकीवर तेल लावलेला पांढरा कागद आठवडाभर ठेवून त्यावर बसलेली धूळ पाहावी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली काजळी मुले घरी सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

सहकाराने कोल्हापूरच्या शेतकऱ्याला एक गोष्ट फार पूर्वी शिकविली. एकट्याला न पेलणारे ओझे दहा जणांना हलके होते. पाणी, दूध आणि साखर यांच्या बाबतीत ही शिकवण जिल्ह्याने आचरणात आणली. हवा तर या सर्वांहून अधिक सामाईक आहे. तिला बांध नाही आणि सात-बाराही नाही. तिची राखण सर्वांनी मिळूनच करावयाची आहे.