आयर्नचे शाफ्ट बदलताना: आधी वजन, मग अक्षर

पुण्याच्या येरवड्यातल्या गोल्फ कोर्सवर माझ्या ओळखीचे बरेच जण जुनी फोर्ज्ड हेड अजून जपून वापरतात, आणि ते योग्यच आहे. चांगलं घडवलेलं हेड वर्षानुवर्षं टिकतं. बदलतात ते आपले खांदे, कोपर आणि स्विंगचा वेग. अशा वेळी नव्या सेटवर पैसे घालण्याआधी शाफ्टचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. स्वतःचा सेट बदलताना आणि मित्रांसोबत फिटरकडे बसून जे समजलं, ते क्रमाने सांगतो.

१. तक्रार नेमकी कशाची, ते आधी शोधा.
चेंडू सारखा डावीकडे जातो, म्हणून शाफ्टला दोष देणारे पुष्कळ भेटतात. आधी क्लबच्या तळाला टेप लावून काही चेंडू मारा. खूण टाचेकडे उमटली तर क्लब प्रमाणाबाहेर उभट बसतोय, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू त्यामुळे डावीकडे ओढला जातो. फोर्ज्ड हेड एखाद-दोन अंश वाकवून हे काम थोडक्यात भागतं. शेवटच्या काही होलवर हात जड होणं, फटका जमिनीत आधी बसणं, कोपरापर्यंत हादरा पोचणं, या तक्रारींचा मात्र शाफ्टशी थेट संबंध असतो.

२. सगळ्यात आधी वजन ठरवा.
मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती, तर हीच सांगितली असती. डायनॅमिक गोल्ड एस३०० हा पोलादी शाफ्ट कापण्याआधी सुमारे १३० ग्रॅम भरतो. निप्पॉनचा एन. एस. प्रो ९५०जीएच पोलादीच, पण शंभराच्या जरा खाली. ग्राफाइटमध्ये त्याहूनही हलके मिळतात. हा तीस ग्रॅमचा फरक पहिल्या होलवर जाणवत नाही, पंधराव्यावर जाणवतो. जड शाफ्ट दमलेल्या हाताला वेळेवर खाली येऊ देत नाही. फार हलका असेल, तर हात घाई करतात आणि लय मोडते. म्हणून शाफ्टची परीक्षा ताज्या हाताने घेऊ नका. बादलीभर चेंडू मारून झाल्यावर, अंग थोडं थकल्यावर घ्या. तेव्हाही ज्या वजनात क्लब कुठे आहे हे हाताला कळतं, ते तुमचं वजन.

३. ‘आर’ आणि ‘एस’ या अक्षरांना ठरलेलं माप नाही.
एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक असू शकतो, कारण सगळ्यांना बांधणारं प्रमाण अस्तित्वात नाही. प्रोजेक्ट एक्स तर अक्षरांऐवजी ५.०, ५.५, ६.० असे आकडे देते. शिवाय काही शाफ्टमध्ये अक्षर बदललं की वजनही बदलतं: केबीएस टूरचा ‘आर’ ११० ग्रॅमचा, ‘एस’ १२० ग्रॅमचा. मग फरक कडकपणाने पडला की वजनाने, हे उमगत नाही. तुलना करायची तर वजन जवळजवळ सारखं ठेवून करा. स्टिफ शाफ्टमध्ये मान आणि रेग्युलरमध्ये कमीपणा, ही समजूत कोर्सवर सोडून द्यायला हवी.

४. ग्राफाइटला म्हाताऱ्यांचा शाफ्ट म्हणू नका.
ग्राफाइट हादरा कमी पोचवतो, हे कोपर दुखणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं. आज तो हलकाच असतो असंही नाही. ग्राफाइटच्या गाभ्यावर पोलादाचे बारीक तंतू गुंडाळलेले स्टीलफायबर शाफ्ट ८०, ९५, ११० ग्रॅमच्या आसपास मिळतात आणि पीजीए टूरवर मॅट कुचरसारखे खेळाडू ते वापरून खेळले आहेत. दुखतं कोपर घेऊन जड पोलाद ओढत राहण्यात काही शौर्य नाही.

५. मागवण्याआधी होजलचं माप घ्या.
होजल म्हणजे हेडची ती नळी जिच्यात शाफ्ट बसतो, आणि त्यात जाणारं शाफ्टचं टोक दोन प्रकारचं असतं: निमुळतं ०.३५५ इंच आणि सरळ ०.३७० इंच. निमुळत्या प्रकारात प्रत्येक आयर्नसाठी वेगळ्या लांबीचा शाफ्ट येतो आणि तो फक्त ग्रिपच्या बाजूने कापतात. सरळ प्रकारात एकाच लांबीचे शाफ्ट टोकाकडून कापून सेट जमवतात. टोकाकडून जास्त कापलं की शाफ्ट कडक होतो, त्यामुळे हे काम मापाशिवाय कोणाला करू देऊ नका.

६. शाफ्ट हलका केला की तोल पुन्हा साधा.
हेडचा भार हाताला किती जाणवतो, ते स्विंगवेट सांगतं. पुष्कळ सेट डी-२ च्या आसपास असतात. शाफ्टचं वजन साधारण नऊ ग्रॅमनी घटलं की स्विंगवेट एका अंकाने उतरतं. म्हणजे १३० वरून ९५ ग्रॅमवर आलात, तर जवळजवळ चार अंक गेले. हेडमध्ये दोन ग्रॅम घातले की एक अंक परत मिळतो, म्हणून सात-आठ ग्रॅम भरावे लागतात. अर्धा इंच लांबी वाढवूनही तीन अंक मिळतात, पण त्यामुळे क्लब उभट वागतो आणि पहिल्या मुद्द्यातली तक्रार पुन्हा दारात येते. ग्रिप चार-पाच ग्रॅमनी जड घेतली, तर आणखी एक अंक जातो. नवा शाफ्ट आवडला नाही असं म्हणणाऱ्या कित्येकांचा खरा प्रश्न या बिघडलेल्या तोलाचा असतो.

७. सात नंबरवर पारखा, पाच नंबरवर पक्कं करा.
पूर्ण सेटला हात लावण्याआधी एकाच आयर्नमध्ये शाफ्ट बसवून घ्या. लाँच मॉनिटरवर सगळ्यात लांब गेलेला चेंडू बघू नका. कॅरी किती सारखी येते आणि चेंडू किती उभ्या कोनात उतरतो ते बघा. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन कडक होते, तेव्हा उंचावरून उतरलेलाच चेंडू ग्रीनवर थांबतो. मॅटवर जमिनीत बसलेला फटकाही चांगला वाटतो, म्हणून शेवटचा निर्णय गवतावर घ्या. आणि सात नंबरला शोभलेला शाफ्ट पाच नंबरलाही चेंडू वर उचलतो का, हे तपासा.

८. बसवण्यात घाई नको, नोंदीत आळस नको.
ग्राफाइट काढताना उष्णता जास्त झाली तर त्यातलं रेझिन कायमचं खराब होतं. त्यासाठी सरळ ओढणारा पुलर असलेला कारागीर गाठा. इपॉक्सीला पूर्ण दिवस द्या. मग प्रत्येक क्लबची लांबी, स्विंगवेट, ग्रिपचं वजन आणि शाफ्टचं पूर्ण नाव वहीत लिहा. एखादा शाफ्ट मोडला, तर त्याच मापाचा दुसरा बसवायला ही वहीच उपयोगी पडते.

यानंतर निदान एक मोसम काहीही बदलू नका. शाफ्ट स्विंग दुरुस्त करत नाही. पण योग्य वजनाचा शाफ्ट एक मोठं काम करतो: अठराव्या होलवरही तो तुम्हाला पहिल्या होलवरचाच स्विंग करू देतो. पैसे खर्चायचे, तर ते यासाठी खर्चावेत.