आधी स्टॉक, मग ट्रिगर

प्रश्न : मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. रायफल घेताना ट्रिगर, स्टॉक, मॅगझिन यांपैकी कशाकडे आधी पाहावे?
– एक पालक, देवनार

उत्तर : मॅगझिनचा विचार सोडा, स्पर्धेत प्रत्येक छर्रा एकेक करूनच भरायचा असतो. आधी स्टॉक पाहा. बटप्लेट आणि गालाचा आधार पुढे-मागे, वर-खाली सरकणारा असेल, तर मुलीची उंची वाढली तरी तो जुळवता येतो. पॅरिस २०२४ मध्ये कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे ज्या थ्री पोझिशन प्रकारात खेळतात, त्यात तर गुडघ्यावर, झोपून, उभ्याने अशी दर वेळी जुळवणी बदलते. रायफलचे वजन साडेपाच किलोंच्या आत हवे. ट्रिगर दोन टप्प्यांचा घ्या, पण सुरुवातीला फार हलका ठेवू नका. छर्रा नकळत सुटतो. वरळीच्या रेंजवर प्रशिक्षकांसमोर रायफल धरून पाहिल्यावरच पैसे मोजा.