ताऱ्यांचे ग्रह: एक चूक आणि एक शोध

इतर ताऱ्यांभोंवतालचे बहुतेक ग्रह दुर्बिणींतून दिसत नसतांना ते आहेत हें शास्त्रज्ञांस कळतें तरी कसें, असा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. त्याच्या उत्तरादाखल आम्ही १९९२ सालच्या जानेवारींतील एक हकीकत सांगतों. कारण तिच्यांत संशोधनाची रीतही कळते आणि त्या रीतींतील धोकाही कळतो.

स्पंदक तारा म्हणजे काय तें प्रथम पाहूं. प्रचंड ताऱ्याचा स्फोट झाल्यावर त्याचा गाभा आकुंचित होऊन सुमारें वीस किलोमीटर व्यासाचा अतिघन गोळा उरतो. तो वेगानें स्वतःभोंवतीं फिरतो, व दीपगृहाच्या झोताप्रमाणें त्याच्या रेडिओ-लहरींचा झोत प्रत्येक फेरीस पृथ्वीवरून जातो. हे ठोके अत्यंत नियमित असतात. अशा ताऱ्याभोंवतीं ग्रह असेल, तर त्याच्या ओढीनें ताराही लहानशा कक्षेंत फिरूं लागतो. तो आपल्याकडे सरकला म्हणजे ठोके किंचित् लवकर येतात, दूर गेला म्हणजे किंचित् उशिरां. या फरकावरून ग्रहाचा प्रदक्षिणाकाल काढतां येतो व वस्तुमानाचा अंदाज बांधतां येतो.

परंतु ठोके मोजणारा मनुष्य तरी कोठें स्थिर आहे? पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरत असल्यामुळें तेच ठोके वर्षांतून आठ मिनिटांपर्यंत मागेंपुढें होतात; आणि ग्रहामुळें पडणारा फरक तर सेकंदाच्या कांहीं हजारांशांचा! म्हणून पृथ्वीची गति अगदीं कांटेकोरपणें वजा करावी लागते.

येथेंच घात झाला. १९९१ च्या जुलैंत जॉड्रेल बँक वेधशाळेचे अँड्र्यू लाइन व त्यांचे सहकारी यांनीं 'नेचर' साप्ताहिकांत एका स्पंदकाभोंवतीं ग्रह सांपडल्याचें प्रसिद्ध केलें. त्याचा प्रदक्षिणाकाल सहा महिने, म्हणजे आपलें अर्धें वर्ष! पुढें आकडेमोड पुन्हां तपासतांना लाइन यांस दिसून आलें कीं, ताऱ्याचें आकाशांतील स्थान थोडें चुकीचें धरलें गेलें होतें, आणि हिशेबांत पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ न धरतां वर्तुळ धरली होती. या दोहोंमिळून ती सहामाही लहर उत्पन्न झाली होती. सांपडलेला ग्रह आपलीच पृथ्वी होती!

अटलांटा येथें अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचें अधिवेशन होतें. लाइन यांनीं भरसभेंत उभें राहून आपली चूक सविस्तर सांगितली. सभेनें उठून उभें राहून टाळ्या वाजविल्या. (चूक खोडून वही पुढें करणारे विद्यार्थी आम्हांस दरवर्षीं भेटतात, ती बोट ठेवून दाखविणारा क्वचित् भेटतो.)

त्याच अधिवेशनांत पोलंडचे ॲलेक्झांडर वोल्शान यांनीं कन्या राशींतील दुसऱ्या स्पंदकाविषयीं सांगितलें. १९९० सालीं प्वेर्तो रिकोंतील अरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची दुर्बीण दुरुस्तींत असल्यामुळें इतरांचीं कामें थांबलीं होतीं. त्या काळांत त्यांना हा तारा सांपडला. तो सेकंदास सुमारें १६० ठोके देतो. त्याचें अचूक स्थान डेल फ्रेल यांनीं न्यू मेक्सिकोंतील दुर्बिणींच्या समूहानें वेगळें मोजून दिलें होतें, त्यामुळें लाइन यांस नडलेली अडचण येथें नव्हती. दोन ग्रह निघाले: एकाचा काल सुमारें ६७ दिवस, दुसऱ्याचा ९८. आपल्या वर्षाशीं यांचा कांहीं संबंध नाहीं. दोहोंचें वस्तुमान पृथ्वीच्या सुमारें चौपट.

तरीही संशय पुरता फिटेना, आणि तो न फिटणें योग्यच होतें. मात्र या दोन कालांचें प्रमाण जवळजवळ दोनास तीन असल्यामुळें ते ग्रह एकमेकांस ओढून ठोक्यांत विशिष्ट फेरफार करतील असें गणितानें आधींच सांगतां येत होतें. १९९४ सालीं वोल्शान यांनीं तोच फेरफार मोजून दाखविला, आणि चंद्राच्या सुमारें दुप्पट वस्तुमानाचा तिसरा ग्रहही दाखविला. मग वाद मिटला.

सूर्यासारख्या ताऱ्याचा ग्रह मिळण्यास १९९५ साल उजाडलें. तो जिनीव्हाच्या मायोर व केलोझ या संशोधकांनीं वर्णपटाच्या साहाय्यानें शोधिला. ती रीत निराळी आहे. तिच्याविषयीं पुढील वार्षिकांत लिहूं.