राजाच्या बागेतले भोपळे

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला असतो. येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. जवळच्या लुडविग्सबुर्गच्या राजवाड्यात भोपळ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, ते बघायलाच हवं, असं सूनबाईचं म्हणणं आहे. भोपळा तर आपल्या मंडईतही मिळतो. तिकीट काढून बघण्यासारखं त्यात काय आहे? एवढ्या जुन्या राजवाड्यात भाजीचं प्रदर्शन आलं कुठून? आणि हजार किलोचा भोपळा खरंच असतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सूनबाईंचं ऐका आणि जरूर जा. तुमचा मधला प्रश्न मला सर्वांत आवडला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

व्युर्टेम्बर्गचा ड्यूक एबरहार्ड लुडविग याने 1704 साली इथे शिकारीसाठी एक वाडा बांधायला घेतला. बांधता बांधता त्याची हौस वाढत गेली आणि वाड्याचा राजवाडा झाला, शेजारी गाव वसलं, राजधानीही काही काळ इथेच आली. काम संपायला 1733 उजाडलं. आज तिथे 452 खोल्या आहेत, आणि बारोक शैलीतल्या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राजवाड्यांत त्याची गणना होते. दुसऱ्या महायुद्धातूनही तो जवळजवळ शाबूत राहिला.

बागेच्या नशिबी मात्र असं सुख नव्हतं. राजघराण्याचं लक्ष उडालं तशी ती उजाड होत गेली. दक्षिणेकडचे कालवे बुजवले, हिरवळीवर फळझाडं लावली, पुढे तर तिथे बटाटे पिकवले. म्हणजे राजाच्या बागेत भाजी शिरली ती भोपळ्याच्याही कितीतरी आधी! 1947 साली या बागांची जबाबदारी आल्बर्ट शॉख्ले यांच्याकडे आली. हानोव्हरचं 1951 चं उद्यान प्रदर्शन बघून आल्यावर त्यांनी ही बाग पुन्हा उभी करायची असं ठरवलं, अर्थमंत्र्यांना गळ घातली, गावाकडून पैसा मिळवला. मातीचे ढीग उपसायला अमेरिकी सैनिकांनी बुलडोझर दिले. राजवाड्याला अडीचशे वर्षं झाली त्या निमित्ताने, 1954 च्या एप्रिलमध्ये, ‘ब्लूएंडेस बारोक’ या नावाने बाग लोकांसाठी खुली झाली. खरं तर ते एका हंगामापुरतंच प्रदर्शन होतं. पण लोक असे लोटले की ते कायमचंच झालं. ही बाग त्यामुळे तेव्हापासून तिकिटावर चालते, आणि तिकिटावर चालणाऱ्या बागेला शरद ऋतूचा प्रश्न पडतोच. सप्टेंबर सरला की युरोपात फुलं ओसरतात. मग लोकांनी यावं कशासाठी?

त्याचं उत्तर स्वित्झर्लंडमधून आलं. झुरिचजवळच्या सेग्रेबेन गावात युकर बंधूंनी आपल्या शेतावर भोपळ्यांची आरास मांडायला सुरुवात केली होती. तीच कल्पना 2000 साली लुडविग्सबुर्गला आली. आता ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत बाग भोपळ्यांची असते. आयोजकांच्या हिशेबाने साडेचार लाखांच्या आसपास भोपळे आणि सहाशेहून अधिक वाण. दर वर्षी एक विषय असतो: कधी सर्कस, कधी प्राचीन रोम, कधी संगीत. लाकडाचे आणि तारांचे सांगाडे उभारून त्यांवर रंगसंगती साधत भोपळे बसवतात आणि माणसापेक्षा उंच प्राणी, रथ, इमारती उभ्या राहतात. मागे फिकट पिवळा राजवाडा, पुढे आखीव हिरवळ, आणि मधे शेंदरी, राखाडी, पांढऱ्या, काळपट हिरव्या भोपळ्यांचे ढीग. मंडईत आपण भोपळा बघतो तो बहुतेक वेळा फोडीच्या रूपात. त्याच्या एवढ्या जाती, एवढे आकार असतात हे आपल्या गावीही नसतं. तिकिटाचे पैसे तेवढ्यानेच वसूल होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हजार किलोचं. होय, असतो, हजारावर जातो. लुडविग्सबुर्गलाच 2016 च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या मातियास विलेमाइन्स यांचा भोपळा काट्यावर चढला तो 1190.5 किलो भरला. त्या दिवशी तो जगातला सर्वांत जड भोपळा होता. पुढे इटली आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हा विक्रम मागे टाकला.

हे भोपळे ‘अटलांटिक जायंट’ नावाच्या वाणाचे. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करत तो घडवला. वेलीवर हाताने परागीभवन करतात, फळं धरली की त्यांतलं उत्तम ते एकच ठेवून बाकीची खुडून टाकतात. एका खोलीएवढ्या नव्हे, चांगल्या घराएवढ्या जागेत पसरलेल्या वेलीची सगळी कमाई त्या एका फळात ओतली जाते. ऐन भरात असताना ते दिवसाला पंधरा-वीस किलोंनी वाढतं. शास्त्रज्ञांनी असे भोपळे कापून तपासले, तेव्हा पानांत तयार झालेली साखर फळापर्यंत वाहून नेणाऱ्या ऊती त्यांच्यात साध्या भोपळ्यापेक्षा बऱ्याच जास्त आढळल्या. वजन पेलवेनासं झालं की फळ बसकं होतं, कधी तडकतं. तडा आतल्या पोकळीपर्यंत गेला तर ते स्पर्धेतून बाद. शेतकऱ्याची हंगामभराची मेहनत अशी शेवटच्या आठवड्यात हातची जाऊ शकते. म्हणून वजनाच्या दिवशी काट्याभोवती जमलेल्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे असतात. हा सोहळा साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रविवारी होतो. मुलाला सांगून नेमकी तारीख बघून ठेवा आणि जमलं तर त्याच दिवशी जा.

सप्टेंबरमध्ये गेला असतात तर आणखी एक नवल दिसलं असतं. कोरलेल्या प्रचंड भोपळ्यांत माणसं बसतात आणि बागेतल्या तळ्यात वल्ही मारत शर्यत लावतात. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी आपल्या गोष्टीतली म्हातारी मराठी मुलांना परकी नाही. नातवंडं असतील तर पुढल्या खेपेला शर्यतीचा मुहूर्त साधा.

खाण्याचं म्हणाल तर भोपळ्याचं सूप, भोपळ्याचं सारण भरलेली ‘माउलटाशन’ आणि भाजलेल्या बिया तिथे मिळतात. माउलटाशन म्हणजे त्या भागातला खास सारण भरलेला पास्ता. सारणात मांसही असू शकतं, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या. येताना ‘होक्काइडो’ जातीचा छोटा शेंदरी भोपळा मात्र घरी न्या. त्याची साल मऊ शिजते, सोलावी लागत नाही, गर घट्ट असतो. त्याचे घारगे उत्तम होतात. सूनबाईंना करून घाला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. शोभेचे भोपळे दिसायला कितीही मोहक असले तरी ते खायचे नसतात. त्यांच्यात कुकरबिटासिन नावाचं कडू विषारी द्रव्य असतं आणि ते शिजवूनही जात नाही. आपल्याकडे कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत ती याच द्रव्यामुळे. मिरजेत तंबोऱ्याला लावतात तो भोपळा आपण भाजीला घेत नाही, तसंच हे. भोपळा, दुधी, काकडी यांपैकी काहीही जिभेला कडू लागलं की लगेच थुंका. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून गिळू नका.

जायला सोपं आहे. स्टुटगार्टच्या मुख्य स्थानकावरून एस-4 किंवा एस-5 लोकल पकडा, पाव तासात लुडविग्सबुर्ग. तिथून राजवाडा चालत जाण्याजोगा. बागेचं तिकीट वेगळं आणि राजवाड्याच्या आतलं वेगळं. आत वाटाड्यासोबत जावं लागतं. दोन्ही घ्या. विशेषतः राजवाड्यातलं नाट्यगृह चुकवू नका: देखावे बदलणारी 1758 सालची मूळ लाकडी यंत्रणा तिथे अजून टिकून आहे. बाग मोठी आहे, ऑक्टोबरात गारठा असतो, तेव्हा चालायचे बूट आणि गरम कपडे हवेत.

आणि बियांचा मोह आवरा. पेरणीसाठी परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं; त्यांच्याशिवाय आणलेलं बी विमानतळावर जप्त होऊ शकतं.