डिजिटल चित्रकलेचे पहिले पाठ : पाटीपासून पडद्यापर्यंत



गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातील अनेक प्राथमिक शाळांत टॅब्लेट व संगणक आले आहेत. त्यांवर वाचनपाठ होतात, गणिते सोडविली जातात, कविता ऐकविल्या जातात. चित्रकला मात्र क्वचितच होते. "आम्हांलाच ते येत नाही, मग मुलांना काय शिकवावे?" असे पुष्कळ शिक्षक शिक्षण परिषदेत विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो.

पाड्यावरील एका शाळेस भेट दिली असता वर्गाच्या भिंतीवर 'डिजिटल वारली चित्रे' या मथळ्याखाली अठ्ठावीस छापील कागद लावलेले दिसले. प्रत्येकावर तारपानृत्याचा फेर होता, आणि अठ्ठावीसही फेर तंतोतंत सारखे होते. तयार चित्र उतरवून घेऊन मुलांनी त्यात केवळ रंग भरले होते. एका मुलीला मी विचारले, "यांत तुझ्या पाड्यावरचे कोण आहे?" ती म्हणाली, "कोणी नाही साहेब, हे मोबाइलातून आलंय." मग तिच्या हाती खडू दिला. तिने फरशीवर हातपंप काढला, भोवती कळश्या मांडल्या, पंपाच्या दांड्यावर ओणवी झालेली एक बाई काढली व म्हणाली, "ही माझी आई." रेषा वाकड्या होत्या, पण चित्र तिचे होते.

डिजिटल चित्रकलेचे शिक्षण म्हणजे ती खडूची रेषा पडद्यावर नेणे होय. यंत्र रेषा देत नाही. ते रेषेला केवळ जागा देते. पाहणे डोळ्यांनी व ओढणे हातानेच करावे लागते. एवढे ध्यानी धरले तर ज्यास हे तंत्र मुळीच अवगत नाही अशा शिक्षकासही आरंभ करता येईल.

आपल्या भूमीतील आधार

या कामी आपल्या मुलखाइतका अनुकूल मुलूख विरळा. वारली चित्रपरंपरेचे माहेर असलेला डहाणू-तलासरीचा भाग १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्यात गेला. तोवर तो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आजही वारली कुटुंबे आहेत. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहावयाचा, ही मूळ रीत. चौक 'काढीत' नाहीत, 'लिहितात', हे लक्षात घेण्याजोगे आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी १९७० नंतरच्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली आणि विधीपलीकडचे रोजचे जीवन तीत रंगविले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साधन पालटले, तरी पाहणे त्यांचे स्वतःचे होते; म्हणून कला टिकली व वाढली.

या चित्रांची वर्णमाला अगदी थोडी : वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, रेषा आणि ठिपका. टोकाला टोक जुळविलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर वर्तुळाचे डोके, रेषांचे हातपाय. नवशिक्या हाताला पडद्यावर याहून सोपा व अर्थपूर्ण आरंभ नाही.

साधने किती असावीत?

महाग साधनांची वाट पाहत बसू नये. शाळेतील टॅब्लेट व त्यावर चालणारी साधी लेखणी पुरेशी आहे. लेखणी नसल्यास बोटानेही प्रारंभ होतो. संगणक असेल तर त्यास जोडावयाची पडदा नसलेली पेन-पाटी स्वस्त पडते. तिच्यावर हात खाली चालतो व नजर समोर पडद्यावर राहते, म्हणून प्रथम काही दिवस अवघडल्यासारखे होते. तेवढ्याने निराश होऊ नये.

लहान मुलांसाठी 'टक्स पेंट' व मोठ्यांसाठी 'क्रिटा' ही दोन्ही सॉफ्टवेअरे विनामूल्य आहेत. एकदा संगणकात घातली की इंटरनेटवाचून चालतात. आपल्या डोंगराळ भागात ही सोय मोलाची आहे.

पाठांचा क्रम

प्रथम शिक्षकाने स्वतः रोज पंधरा मिनिटे, याप्रमाणे दहा दिवस सराव करावा. नंतर मुलांना पुढील क्रमाने न्यावे.

(१) *रेषा.* आधी पाटीवर, मग पडद्यावर उभ्या, आडव्या व तिरप्या रेषा ओढाव्यात. मनगट घट्ट न धरता कोपरापासून हात फिरू द्यावा. दाब ओळखणारी लेखणी असेल तर एकच रेषा बारीक सुरू करून जाड करावी व पुन्हा बारीक करावी.

(२) *आकार.* वर्तुळ व त्रिकोण हातानेच काढावेत. सॉफ्टवेअरमध्ये तयार आकाराची कळ असते. पहिल्या महिन्यात तिला स्पर्श करू देऊ नये. हाताच्या त्रिकोणातील किंचित कंप हा दोष नव्हे. त्यानेच आकृतीत जीव येतो.

(३) *थर.* डिजिटल चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे असते. त्या प्रत्येक कागदास थर म्हणतात. सर्वांत खाली गेरूचा थर, त्यावर घरे व झाडे, त्यावर माणसे, असे तीनच थर करावेत. माणूस चुकला तर झाड पुसले जात नाही, हा थराचा लाभ मुलांना प्रत्यक्ष दाखवावा.

(४) *रंग.* पडद्यावरील प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने होतो. प्रत्येकाचे मान ० ते २५५ असते. तांबडा १५०, हिरवा ७०, निळा ४५ घेतल्यास गेरूच्या जवळचा रंग मिळतो. तिन्ही २५५ घेतल्यास शुभ्र. गणिताचा पाठ येथे आपोआप होतो.

(५) *पाहून काढणे.* मुलांना शाळेबाहेर न्यावे. माहुलीचे सुळके, काळू नदीचा काठ, भाताची लावणी, आसनगावच्या फलाटावरील गर्दी, जे ज्या शाळेजवळ असेल ते आधी पाटीवर व मग पडद्यावर काढावे.

(६) *जतन करणे.* ए-फोर कागदावर चांगले छापावयाचे तर चित्राचे माप २४८० × ३५०८ ठिपके ठेवावे; सरावासाठी याच्या निम्मी लांबी-रुंदी पुरे. मूळ प्रत सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवावी, म्हणजे थर शाबूत राहतात. दाखविण्यासाठी पीएनजी प्रत काढावी.

एक टॅब्लेट, अठ्ठावीस मुले

ही अडचण बहुतेक शाळांत आहे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पहिली दहा मिनिटे सर्वांनी पाटीवर काढावे. पुढील वीस मिनिटांत चार मुलांनी प्रत्येकी पाच मिनिटे टॅब्लेटवर काम करावे. इतरांनी पाटीवर चालू ठेवावे. शेवटची पाच मिनिटे सर्वांनी मिळून चित्रे पाहावीत. अशा सात तासिकांत वर्गातील प्रत्येक मुलाची पाळी येते. डोंबिवली-ठाण्यातील एखाद्या मुलाला घरी स्वतंत्र टॅब्लेट असेल. पण अंगण, पाटी व डोळ्यांसमोरचा डोंगर आपल्या मुलांना अधिक आहे.

विशेष सावधगिरी

पडद्यावर 'मागे घ्या' ही कळ असते. ती दाबली की ओढलेली रेषा नाहीशी होते. कळ उपयुक्त आहे, पण तिची सवय घातक आहे. मूल एकच रेषा वीस वेळा ओढते व वीस वेळा पुसते. तासिका संपते आणि चित्र कोरेच राहते. भिंतीवर पीठाने लिहिणाऱ्या सुवासिनीला अशी कळ नव्हती; चुकलेल्या रेषेतूनच तिला पुढची वाट काढावी लागे. म्हणून नियम करावा : एका चित्रात ही कळ तीनदाच. त्याने हाताला धीर येतो.

तयार ठशांबाबतही हेच. ठसा उमटविणे हा खेळ म्हणून ठीक आहे. त्यास चित्रकला समजू नये. मूल्यमापन करताना सफाईला अर्धेच गुण द्यावेत. उरलेले अर्धे 'हे तू कोठे पाहिलेस?' या प्रश्नाच्या उत्तरास द्यावेत.

हाताचे शिक्षण संगणकाच्या युगात व्यर्थ आहे, असे कोणी म्हणेल. संगणकावर मराठी वाचताना बहुतेकांनी पाहिलेला 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविला. ते मुळात हाताने अक्षरे लिहिणारे सुलेखनकार होते. पडद्यावर पोहोचलेल्या अक्षरामागेही आयुष्यभर घोटलेला हात होता.

त्या हातपंपाच्या चित्राचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. गुरुजींनी भिंतीवरचे अठ्ठावीस कागद उतरविले. पुढच्या भेटीच्या वेळी तेथे अठ्ठावीस निरनिराळी चित्रे होती : कोठे वीटभट्टी, कोठे कोंबडीमागे धावणारा भाऊ, कोठे बंद पडलेली बस. हातपंपही होता, गेरूवर पांढरा. दांडा थोडा वाकडाच होता. त्या मुलीने तो सरळ करून घेतला नव्हता, आणि गुरुजींनीही तसा आग्रह धरला नव्हता.